सोलापुरातील आमची लुथरन मंडळी मूळची कोणाची? स्मरणिकेतील इतिहासासाठी विचारणा

पूर्वभागकर

सर्वांना जय ख्रिस्त.

आमची मंडळी सोलापूरच्या पूर्व भागात आहे. घरे फार नाहीत, तीसेक असतील. रविवारची उपासना तेलुगूत होते आणि महिन्यातले दोन रविवार मराठीत, कारण आमच्या पिढीला तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही, आणि आमच्या मुलांना तर बोलतानाही मध्येच मराठीचा आधार घ्यावा लागतो. पुढच्या वर्षी मंडळीला पन्नास वर्षे पूर्ण होतात असे वडीलधारे सांगतात. त्यानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले असून इतिहासाचा पहिला लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अडचण अशी की या लेखाचा एक कच्चा मसुदा आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आधीच करून ठेवला आहे, आणि त्याचे पहिलेच वाक्य असे आहे की अमेरिकन मिशनऱ्यांनी १८६० च्या दशकात सोलापुरात सुरू केलेल्या कार्यातून आमची लुथरन मंडळी उदयास आली. पन्नास वर्षांची मंडळी १८६० च्या दशकात कशी उदयास येईल, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की आपले आजोबा-पणजोबा गुंटूरकडचे, तिथेही अमेरिकन मिशन होते, इथेही अमेरिकन मिशन होते, म्हणजे मिशन एकच. आपण फक्त एका गावाहून दुसऱ्या गावी आलो. हे उत्तर मला पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. गेल्या नाताळात गुंटूरहून आलेल्या आमच्या एका मामांनी आमची उपासना पाहिली. अय्यगारूंच्या (म्हणजे आमच्या पाळकांच्या) अंगात झगा नाही, छापील उपासनाक्रमातले निम्मे भाग गाळलेले, आणि प्रभुभोजनाच्या वेळी चक्क ना. वा. टिळकांचे गीत, हे सगळे पाहून जेवताना ते म्हणाले, "हे लुथरन कसले?" दुसरीकडे शहरातल्या मराठी मंडळीत चार पिढ्यांपासून असलेल्या माझ्या एका मित्राने मला अगदी सरळ मनाने विचारले की तुमच्यात आणि आमच्यात फरक तो काय? मी म्हणालो की आम्ही तान्ह्या मुलांचाही बाप्तिस्मा करतो. तो म्हणाला, आम्हीही करतो. त्यानंतर माझ्याजवळ बोलायला काही उरले नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. सोलापूरचे अमेरिकन मिशन आणि गुंटूरचे अमेरिकन मिशन एकच होते काय? आणि नसेल, तर एखादी मंडळी लुथरन आहे हे कशावरून ठरते: ती कोणी स्थापन केली यावरून, ती कोणत्या संस्थेशी जोडलेली आहे यावरून, की आणखी कशावरून?

जुनी_दप्तरे

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ती दोन मिशने वेगळी होती. मसुद्यातील ते पहिले वाक्य छापले जाण्यापूर्वी काढून टाकावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण स्मरणिकेत एकदा छापले गेलेले वाक्य पुढच्या स्मरणिकेत पुरावा म्हणून उद्धृत होते.

सोलापूर, अहमदनगर आणि मुंबई येथे ज्याला आपण अमेरिकन मराठी मिशन म्हणतो, ते बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे कार्य होते. हे बोर्ड १८१० मध्ये स्थापन झाले आणि त्याचा मुख्य आधार न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या. त्यांचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरचे ठाणे सुरू झाले, आणि तिथून पुढे १८६० च्या दशकात सोलापूर. या परंपरेत मूळ कल्पना अशी की प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण पाहते. धर्मसिद्धांताच्या दृष्टीने ही परंपरा जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरची नसून फ्रेंच धर्मसुधारक कॅल्विनकडून इंग्लंडच्या प्युरिटन लोकांमार्फत आलेली आहे. याच मंडळ्या पुढे १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक चर्चे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा तिच्यात गेल्या. आपल्या मित्राची मंडळी बहुधा याच प्रवाहातली असणार.

गुंटूरची गोष्ट निराळी आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आपल्या ज्येष्ठांच्या गैरसमजाचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे. गुंटूरला ३१ जुलै १८४२ रोजी पोहोचलेले जॉन ख्रिश्चन फ्रेडरिक हेयर हे जन्माने जर्मन, १७९३ मध्ये हेल्मष्टेट येथे जन्मलेले आणि लहान वयातच अमेरिकेत गेलेले लुथरन पाळक होते. गुंटूरला आले तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्या काळी या वयात लोक परत जाण्याच्या तयारीला लागत. अमेरिकेतील लुथरनांच्या मिशन संस्थेने त्यांची आधी नेमणूक केली होती, पण त्या संस्थेचा बेत असा होता की स्वतंत्र मिशन न काढता अमेरिकन बोर्डाच्या सहकार्याने, त्यांच्या छत्राखाली, काम करावे. हेयर यांना हे मान्य झाले नाही. त्यांनी ती नेमणूक सोडली आणि पेनसिल्व्हेनियाच्या लुथरन मिनिस्टेरियमतर्फे, म्हणजे तिथल्या लुथरन पाळक-मंडळ्यांच्या संघटनेतर्फे, ते भारतात आले. गुंटूरचे तत्कालीन कलेक्टर हेन्री स्टोक्स यांनी त्यांना आधार दिला. पुढे १८५० च्या सुमारास उत्तर जर्मन मिशनचे राजमहेंद्रीचे कार्यही याच अमेरिकन लुथरनांकडे आले, आणि या सगळ्यातून १९२७ मध्ये आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्च उभे राहिले.

म्हणजे पाहा, ज्या बोर्डाने सोलापूरचे मिशन चालवले, त्याच बोर्डाच्या हाताखाली काम करायला नकार देऊन गुंटूरचे मिशन सुरू झाले. आपल्या मसुद्याने नेमकी तीच दोन मिशने एक करून टाकली आहेत. दोन्हीकडचे साहेब अमेरिकेचे होते एवढ्यावरून दोन्ही मिशने एक म्हणायची, तर आपल्याकडे रेशमी साड्या आणि चादरी दोन्ही मागावरच निघतात म्हणून दोन्ही एकच म्हणावे लागेल.

आपल्या मंडळीच्या प्रत्यक्ष इतिहासासाठी आठवणींपेक्षा कागदांकडे वळा. बाप्तिस्म्याची नोंदवही पाहा: पहिली नोंद कोणत्या वर्षाची, कोणत्या लिपीत, सही करणाऱ्या पाळकाच्या नावापुढे कोणत्या चर्चचा उल्लेख, आणि बापाचा व्यवसाय काय लिहिला आहे. विवाहाची नोंदवही १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवावी लागते, त्यामुळे ती सहसा अधिक काटेकोर असते. मंडळीचा न्यास नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नोंदणीचा उतारा मिळवा. तिथे स्थापनेच्या वेळी मंडळीने स्वतःचे नाव काय सांगितले हे कळेल, आणि तेच त्या वेळच्या माणसांचे स्वतःबद्दलचे म्हणणे होय.

विजापूरवेस

एक वेगळी शक्यता नोंदवतो. आमच्या घरी कानडी बोलतात आणि आमची आजी विजापूरकडची. ती नेहमी "जर्मन मिशन" म्हणायची, आणि त्यामुळे कित्येक वर्षे आम्हीही स्वतःला लुथरन समजत होतो. प्रत्यक्षात ते बासेल मिशन होते. १८३४ मध्ये मंगळूरला सुरू झालेले हे मिशन धारवाड, हुबळी, गदग-बेटगेरी, गुळेदगुड्ड असे करत विजापूरपर्यंत आले. स्वित्झर्लंडमधील बासेल हे त्याचे केंद्र असले तरी त्यातले बरेचसे मिशनरी जर्मनीच्या वुर्टेंबर्ग भागातले, म्हणजे लुथरन घरातले होते, तर काही स्विस रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विन-झ्विंग्लींच्या परंपरेतले. संस्था दोन्ही परंपरांची मिळून होती. त्यामुळे त्यांच्या कानडी मंडळ्यांत लुथरच्या प्रश्नोत्तरीची (धर्मशिक्षणाच्या पुस्तकाची) आठवण सापडते, पण त्या मंडळ्या आज चर्च ऑफ साउथ इंडियात आहेत.

सोलापूरला विजापूर जवळ, आणि विणकरीचा धंदा दोन्हीकडचा, त्यामुळे तिकडची काही घरे इथे आली आहेत. आपल्या मंडळीत कानडी घरे असतील तर त्यांना हे विचारून पाहावे. मात्र आपण सांगता त्याप्रमाणे सगळी घरे तेलुगू असतील, तर माझा हा मुद्दा आपल्याला लागू होत नाही.

गुंटूरचे_जावई

माझे सासर गुंटूर, माहेर म्हणाल तर लातूर, आणि मी स्वतः मराठी मंडळीत वाढलो. त्यामुळे दोन्ही बाजूंची उपासना मी आतून पाहिली आहे. इतिहासाबद्दल वर नेमके लिहिले गेले आहे. मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आधी एक सावधगिरी. तेलुगू बोलणारा ख्रिस्ती म्हणजे लुथरन, असे आपल्या सोलापुरात सर्रास धरले जाते. ते चूक आहे. लुथरनांचा प्रदेश मुख्यतः गुंटूर, पलनाड, राजमहेंद्री असा ब्रिटिश अमलाखालच्या किनारी आंध्राचा होता. सोलापुरात विणकरीसाठी आलेली बहुतेक तेलुगू घराणी मात्र निजामाच्या तेलंगणातली आहेत, आणि तिथे काम होते ते अमेरिकन बाप्टिस्टांचे व वेस्लियन मेथॉडिस्टांचे. मेदकचे प्रचंड कॅथेड्रल मेथॉडिस्टांनी बांधले, लुथरनांनी नाही. आपल्या मंडळीतील तेलुगू कीर्तनांच्या, म्हणजे उपासनेतल्या गीतांच्या, पुस्तकावरूनही काही सिद्ध होणार नाही, कारण तेलुगूतली जुनी कीर्तने बाप्टिस्ट, लुथरन, मेथॉडिस्ट सगळेच गातात. आपल्याकडे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो, एवढ्यावरून आपण बाप्टिस्ट नाही हे ठरते (बाप्टिस्ट तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत), पण आपण लुथरन आहात हे ठरत नाही. आपल्या मित्राने आपल्याला तिथेच अडवले, आणि ते बरोबर अडवले.

तर मग कसोटी कोणती? माझ्या मते एक कसोटी अशी आहे की जिला ना झगा लागतो, ना कागद. मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर बाईंना विचारा की चौथी आज्ञा कोणती.

हे मी गमतीने म्हणत नाही. दहा आज्ञा सगळ्यांच्या त्याच आहेत, पण त्यांची मोजणी निराळी आहे. मूर्ती करू नको, ही आज्ञा लुथर पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाची शेवटची आज्ञा दोनांत विभागतात. कॅथलिकांचीही मोजणी अशीच आहे. काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट आणि अँग्लिकन मूर्तीची आज्ञा दुसरी म्हणून वेगळी मोजतात. त्यामुळे "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख" ही आज्ञा आपल्या मित्राच्या मंडळीत पाचवी आहे आणि लुथरच्या लहान प्रश्नोत्तरीत चौथी. मी लग्नानंतर पहिल्यांदा गुंटूरला गेलो, तेव्हा सासऱ्यांशी याच आकड्यावरून माझा अर्धा तास वाद झाला होता, आणि आम्ही दोघेही आपापल्या परीने बरोबर होतो. माणूस गाव सोडतो, भाषा बदलतो, पाळक बदलतो, पण सातव्या-आठव्या वर्षी आईने पाठ करून घेतलेला आकडा बदलत नाही.

ही लहान प्रश्नोत्तरी लुथर यांनी १५२९ मध्ये लिहिली, आणि तीही विद्वानांसाठी नव्हे. सॅक्सनीतील खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांची पाहणी करताना त्यांना दिसले की लोकांना प्रभूची प्रार्थनाही धड येत नाही आणि कित्येक पाळकांना शिकवता येत नाही. म्हणून घरच्या कर्त्याने आपल्या मुलाबाळांना व नोकरचाकरांना शिकवावे, अशा बेताने हे पुस्तक रचले आहे: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आणि प्रत्येक ओळीमागोमाग तोच प्रश्न, "याचा अर्थ काय?" ज्या घरात हा प्रश्न आणि त्याची उत्तरे तेलुगूत पाठ आहेत, ते घर कोणत्याही गावी गेले तरी लुथरन आहे असे मी म्हणेन.

मित्राला सांगण्याजोगा फरक विचाराल, तर तो प्रभुभोजनात आहे. १५२९ मध्येच मार्बुर्ग येथे लुथर आणि झुरिचचे झ्विंग्ली यांची भेट झाली. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि पंधराव्यातल्या एका मुद्द्यावर सगळे फिसकटले. भाकर ही ख्रिस्ताच्या शरीराची केवळ खूण आहे, असे झ्विंग्ली म्हणत होते. लुथर यांनी मेजावर खडूने "हे माझे शरीर आहे" ही अक्षरे लिहून ठेवली आणि त्या "आहे" वरून ते शेवटपर्यंत हटले नाहीत. लुथरन माणूस आजही मानतो की भाकर आणि द्राक्षारस यांच्यामध्ये, त्यांच्यासह आणि त्यांच्याखाली ख्रिस्ताचे खरे शरीर आणि रक्त दिले जाते, घेणाऱ्याचा विश्वास कमी-जास्त असला तरी. मराठी मंडळ्यांत प्रभुभोजनाविषयी आदर कमी नाही, पण तिथे भर स्मरणावर असतो.

आता आपल्या मामांविषयी. त्यांच्या तक्रारीला उत्तर लुथरनांच्या स्वतःच्याच मुख्य दस्तऐवजात आहे. २५ जून १५३० रोजी ऑग्जबर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर जो विश्वासांगीकार वाचला गेला, त्यात २८ कलमे आहेत. तो लुथर यांचे सहकारी मेलांख्थोन यांनी लिहिला. लुथर यांच्यावर बहिष्काराचा हुकूम असल्यामुळे ते कोबुर्गच्या किल्ल्यातच थांबले होते. त्याचे सातवे कलम सांगते की मंडळीच्या खऱ्या ऐक्यासाठी सुवार्तेच्या शिकवणीबद्दल आणि संस्कारांबद्दल एकमत असणे पुरेसे आहे. माणसांनी घालून दिलेल्या रूढी, विधी आणि उपचार सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. झगा हा उपचार आहे. तेलुगू हीसुद्धा उपचारच आहे, असे मी सासरी म्हणत नाही, पण इथे म्हणतो. स्वतः लुथर यांनी १५२६ मध्ये उपासना लॅटिनमधून लोकांच्या जर्मन भाषेत आणली. मुले मराठीत विचार करतात म्हणून मराठीत उपासना करणारी सोलापूरची मंडळी त्यांच्याच वाटेने चालली आहे.

मात्र मामांच्या बोलण्यातला एक भाग मी झटकून टाकणार नाही. उपासनाक्रमातले निम्मे भाग गाळले जातात असे आपण लिहिले आहे. त्यात पापकबुली आणि पापक्षमेची घोषणा गाळली जात असेल, तर मामांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. झग्यावाचून चालते, त्या घोषणेवाचून लुथरन उपासनेत फारसे काही उरत नाही.

पूर्वभागकर

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या आठ दिवसांत दोन गोष्टी केल्या, त्या कळवतो.

पहिली, बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही मिळाली. ती एका सभासदांच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती आणि कडा कसरीने खाल्लेल्या असल्या तरी मजकूर शाबूत आहे. पहिल्या नोंदी १९७० च्या दशकातल्या, तेलुगू लिपीत, सगळ्या तान्ह्या मुलांच्या, आणि प्रत्येक नोंदीत धर्ममातापित्यांची नावे. मला तेलुगू वाचता येत नसल्यामुळे अम्मम्माला, म्हणजे आजीला, शेजारी बसवून वाचून घेतले. बापाच्या व्यवसायाच्या रकान्यात मला विणकर किंवा गिरणी कामगार अपेक्षित होते. तसे जवळजवळ नाहीतच. एकामागून एक फायरमन, गार्ड, पॉइंट्समन, रेल्वे कारकून. माझे आजोबा रेल्वेत होते हे माहीत होते, पण सगळीच मंडळी रेल्वेची असेल असे कधी मनात आले नव्हते. मूळ गाव म्हणून गुंटूर, तेनाली, राजमहेंद्री आणि विजयवाडा यांची नावे आहेत. तेलंगणातले एकही गाव पहिल्या पानावर नाही.

दुसरी गोष्ट, नोंदवही वाचून झाल्यावर अम्मम्माला काही न सांगता विचारले की चौथी आज्ञा कोणती. तिने वर न पाहता तेलुगूत आईबापांच्या मानाची आज्ञा म्हटली, आणि मी गप्प राहिलो म्हणून लगेच पुढचे उत्तरही म्हणून दाखवले, "याचा अर्थ काय" यासकट. मी हे यापूर्वी तिच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. तिने आम्हाला ते का शिकवले नाही, असे विचारल्यावर म्हणाली, तुमची शाळा मराठी, तुम्हाला कळले नसते.

जुनी_दप्तरे

रेल्वेचा उल्लेख वाचून एकदम उलगडा झाला, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय सिकंदराबाद येथे ठेवले गेले. त्या वेळी मध्य रेल्वेतून सिकंदराबाद व सोलापूर, आणि दक्षिण रेल्वेतून विजयवाडा व हुबळी, असे विभाग काढून तिला जोडण्यात आले. बरोबर अकरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, सोलापूर विभाग पुन्हा मध्य रेल्वेकडे आला. म्हणजे ही अकरा वर्षे विजयवाडा आणि सोलापूर एकाच रेल्वेत होते, आणि विजयवाडा, तेनाली, गुंटूर, राजमहेंद्री या पट्ट्यातल्या माणसाला बदली किंवा बढतीवर सोलापूरला येणे जितके सोपे या काळात होते तितके आधी नव्हते आणि नंतरही राहिले नाही. आपली नोंदवही याच काळात सुरू होते आणि त्यातली गावे याच पट्ट्यातली आहेत. पहिल्या घरांपैकी कोणाकडे बदलीचा हुकूम किंवा सेवापुस्तकाची प्रत असेल तर ती तारीख नोंदवहीशी ताडून पाहा. तोपर्यंत हा माझा तर्क समजावा, पण मला तो बळकट वाटतो.

तसे असेल तर आपल्या मंडळीला संस्थापक मिशनरी शोधण्याची गरजच नाही. ती कोणत्याही मिशनऱ्याने स्थापन केलेली नाही. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, परगावी आलेल्या सभासदांनी आपल्याबरोबर आणलेली ती मंडळी आहे. अमेरिकन मिशनचे नाव गेल्याने आपल्या ज्येष्ठांना लेख फिका पडल्यासारखा वाटेल. मला मात्र फायरमन आणि पॉइंट्समन यांचा तो रकाना कितीतरी मोलाचा वाटतो. ते पान स्मरणिकेत छायाचित्र म्हणून छापावे. फक्त मुलांची नावे झाकावीत. ती माणसे आज पन्नाशीत असतील आणि त्यांना विचारले गेलेले नाही.

सातरस्ता

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा सभासद आहे, आणि बहुधा आपल्या त्या मित्रासारखाच. सर्व चर्चा वाचली आणि आवडली, पण एक शंका मनात राहिली. तीस घरांची मंडळी, मुले मराठी बोलणारी, गीते टिळकांची. चौथी की पाचवी आज्ञा या मोजणीवर वेगळे राहण्यात आज काय हशील आहे? टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनमध्ये, म्हणजे आमच्याच परंपरेत. त्यांची गीते आपण गाता, त्याबद्दल आनंदच आहे. मग पुढचे पाऊल का नको?

गुंटूरचे_जावई

शंका रास्त आहे आणि ती लुथरनांना प्रत्येक वेळी विचारली गेली आहे. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया झाले तेव्हा आंध्रचे लुथरन बाहेर राहिले, आणि १९७० च्या नागपूरच्या एकीकरणातही लुथरन चर्च सामील नव्हते. दक्षिणेत १९४८ पासून दोन्ही बाजूंच्या धर्मशास्त्र्यांनी अनेक वर्षे एकत्र बसून नियमशास्त्र व सुवार्ता, प्रभुभोजन, बिशपपद अशा विषयांवर चर्चा केली आणि बऱ्याच गोष्टींवर एकमतही झाले, तरी प्रत्यक्ष एकीकरण झाले नाही. त्यामागे धर्मसिद्धांत होता, तसे मालमत्ता, शाळा-दवाखाने आणि पदे हेही होते; ते नाकारण्यात अर्थ नाही. भारतातील लुथरन चर्चे आपसांत एकत्र आली, आधी १९२६ मध्ये संघ म्हणून आणि नंतर १९७५ पासून युनायटेड इव्हँजेलिकल लुथरन चर्चेस इन इंडिया या नावाने, पण त्यापलीकडे गेली नाहीत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर दोन मंडळ्यांनी उत्तम शेजार करावा, एकमेकांच्या उपासनेला जावे, एकाच कबरस्तानाची देखभाल मिळून करावी. विलीन होण्याची घाई मात्र करू नये. रोमन कॅथलिक आणि लुथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्जबर्ग येथे विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, पण त्यासाठी आधी दोघांनाही आपण काय मानतो हे नीट माहीत असावे लागले. पूर्वभागकरांच्या मंडळीतल्या मुलांना ते अजून सांगितलेच गेलेले नाही. आधी त्यांना प्रश्नोत्तरी मराठीत शिकवा. मोठी झाल्यावर कुठे जायचे ते त्यांचे ती ठरवतील.

पूर्वभागकर

सातरस्ता यांचा प्रश्न मला टोचला, आणि गुंटूरच्या जावयांचे शेवटचे वाक्य त्याहून अधिक.

काल कमिटीची बैठक झाली. १८६० च्या दशकाचे वाक्य काढले. ज्येष्ठ सभासद थोडे नाराज झाले, पण रेल्वेचे ऐकून त्यांनी स्वतःच घरून आपल्या वडिलांचे सेवापुस्तक आणून दाखवले. विजयवाड्याहून सोलापूरला बदली, १९६९. इतिहासाचा लेख आता ते आणि मी मिळून लिहिणार आहोत. पापकबुली आणि क्षमेची घोषणा उपासनेत गाळली जात होती का, हे अय्यगारूंना विचारले. वेळ वाचावा म्हणून मराठी रविवारी गाळत होतो, असे ते म्हणाले, आणि येत्या रविवारपासून म्हणू असेही म्हणाले. टिळकांचे गीत राहील.

एक छोटी गोष्ट राहिली. नव्या पाटीवर "लुथरन" लिहावे की "ल्यूथरन", यावर बैठकीत अर्धा तास गेला. नोंदवहीच्या मुखपृष्ठावर नंतर कोणीतरी मराठीत लिहिलेल्या अक्षरांत "लुथरन" आहे, म्हणून आम्ही तेच ठेवले आहे. अम्मम्मा शनिवारी संध्याकाळी मुलांना प्रश्नोत्तरी सांगायला तयार झाली आहे. ती तेलुगूत म्हणेल आणि मी मराठीत लिहून घेईन. कोणाकडे जुनी मराठी प्रत असल्यास कृपया कळवावे.